शोमन इंजिनाचं चित्र काढायचंय?

म्हणजे जत्रेचं सामान रस्त्यावरून ओढून नेणारं आणि तिथे वीज पुरवणारं वाफेचं इंजिन. रंग नंतर. आधी चाकं नीट काढ. इंग्लंडच्या जत्रांमधली बरेल कंपनीची इंजिनं बघणारा आधी पिळाच्या पितळी खांबांवर आणि वेलबुट्टीवर भाळतो, साहजिकच आहे. पण मागची चाकं माणसाच्या उंचीची असतात, ती लहान झाली की दहा-पंधरा टनांचं धूड खेळणं वाटायला लागतं. धुराड्याच्या पुढे डायनॅमो बसवलेला असतो. फ्लायव्हीलवरचा, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या जड फिरत्या चाकावरचा, पट्टा त्याला फिरवतो, आणि त्याच विजेवर जत्रेतले दिवे लागायचे. हा पट्टा कुठून कुठे जातो ते समजेपर्यंत पेन्सिल उचलू नकोस.

ही इंजिनं चालवलेल्या माणसांच्या आठवणी गोळा करताना "कसं वाटायचं?" असं विचारू नकोस, सगळे "छान" म्हणून मोकळे होतात. सकाळी आग किती वाजता पेटवायचात, वाटेत पाणी कुठे भरायचात, असं विचार. मग माणसं बोलतात! दोघांनी एकाच इंजिनाचा रंग वेगवेगळा सांगितला तर दोन्ही लिहून ठेव, मालक बदलला की रंगही बदलायचा.

इंजिनाचा नंबर मात्र त्याच्यावरच्या कारखान्याच्या पाटीवरूनच घे. आणि पाटी बरेलची म्हणून इंजिन बरेलच्या थेटफर्ड गावातल्या कारखान्याचंच, असंही धरू नकोस. तिथला कारखाना १९२८ मध्ये बंद पडला. बरेलचं शेवटचं शोमन इंजिन 'सिम्प्लिसिटी' १९३० मध्ये लेस्टनला, गॅरेट या दुसऱ्या कंपनीच्या कारखान्यात तयार झालं.

हो, आणि वाफ काळी रंगवू नकोस. काळा असतो तो कोळशाचा धूर, आणि चांगला आगवाला तो फारसा होऊ देत नाही.