डिस्क नवी असो की जुनी, आधी हब घासा

प्रश्न थोडक्यात असा: थारचा ब्रेक दाबला की ताशी ऐंशीच्या आसपास स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाला म्हणतो पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क वाकड्या झाल्या, लेथवर टर्निंग मारून (पातळ थर कातून सपाट करून) देतो, नाहीतर नवी जोडी टाका. डिस्क घरी बदलता येतील का, कोणत्या कंपनीच्या घ्याव्यात आणि खर्च किती?

तुमच्या गॅरेजवाल्याला एकच विचारा: ‘वाकडी झाली’ हे कशाने मोजलंस? डायल गेज (बारीकसं डुलणंही सुईने दाखवणारं उपकरण) लावून म्हणत असेल तर त्याचं पुढचं ऐका. नुसतं स्टिअरिंग धरून म्हणत असेल तर गाडी घेऊन घरी या.

इंदूरजवळच्या पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही. ब्रेक दाबल्यावर होणारी थरथर बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी न राहिल्याने होते. फरक किती, तर दोन-तीन शतांश मिलिमीटर. तो डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागत नाही. पण डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड त्या जाड-पातळ जागांवरून जाताना मागेपुढे ढकलले जातात आणि तो हिसका स्टिअरिंगपर्यंत पोचतो.

आता जाडी कमीजास्त होते कशी? डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, सपाट बसली नसेल तर फिरताना तिची कड डुलते. ब्रेक दाबलेला नसतानाही दर फेरीला तीच एक जागा पॅडला घासून जाते. तेवढाच भाग झिजत राहतो आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. म्हणून तर नवी डिस्क टाकल्यावर सुरुवातीला गाडी झकास चालते आणि काही महिन्यांनी पहिले पाढे पंचावन्न.

आमच्या धाकट्या दिरांच्या थारचं नेमकं हेच झालं. भाऊजींना पावसाळ्यात चोरलच्या बाजूला आणि जानापावच्या कच्च्या रस्त्यांवर गाडी घालायची भारी हौस. चाकं चिखलपाण्यात बुडणार, मग गाडी आठवडाभर लोकमान्यनगरच्या घरासमोर तशीच उभी. थरथर सुरू झाली तेव्हा गॅरेजवाल्याने ‘डिस्क टेढ़ी हो गई’ म्हणून नवी जोडी टाकली. काही महिन्यांनी पुन्हा तेच. मग भाऊजींनी डिस्कच भिकार निघाल्या असा निकाल दिला आणि दुसऱ्या कंपनीची महाग जोडी आणली. ती बसवताना मी तिथे उभी होते. पोराने डिस्क खोक्यातून काढली, हबवर ठेवली, चार हातोडे घातले, चाक चढवलं आणि एअर गनने नट आवळून टाकले. हबवर साधा कपडासुद्धा फिरवला नाही. मी म्हटलं, अरे ते बसायचं तोंड तरी घास. त्यावर भाऊजीच म्हणाले, ‘वहिनी, ते कारखान्यातलं मोजमाप कारखान्यात. इथे असंच चालतं.’

अपेक्षेप्रमाणे ती जोडीही थरथरायला लागली. या वेळी मात्र मी हट्टाने गाडी पोर्चमध्ये लावून घेतली. सियागंजातून आणलेला डायल गेज आणि चुंबकी स्टँड माझ्याकडे होताच. चाक काढलं, वॉशर घालून नट आवळले म्हणजे डिस्क हबला घट्ट राहते, आणि गेजची सुई डिस्कच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत टेकवली. डिस्क हाताने सावकाश फिरवली. सुई चौदा घरं हलली, म्हणजे ०.१४ मिलिमीटर. वेगवेगळ्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ही मर्यादा साधारण ०.०५ ते ०.१० असते. मग डिस्क काढली. हबच्या तोंडावर एका बोल्टाच्या शेजारी गंजाची करंगळीच्या नखाएवढी काळपट खपली होती, दाबून दाबून अगदी गुळगुळीत झालेली, आणि डिस्कच्या पाठीवर तिचाच ठसा उमटलेला. डिस्कचा व्यास तिच्या बसण्याच्या तोंडाच्या साधारण दुप्पट असतो, त्यामुळे हबवर खपली जेवढी जाड, कडेला तिचं डुलणं जवळपास दुप्पट. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, बोल्टांच्या मुळाशी बारीक छिन्नी. हबचं तोंड पांढरं दिसेपर्यंत घासलं, तीच डिस्क परत लावली आणि सुई तीन घरांवर आली.

झिजून असमान झालेली जाडी घासण्याने परत येत नाही, म्हणून त्याच डिस्क मी लेथवर नेल्या. डिस्कवरच इंग्रजीत ‘मिन टीएच’ कोरलेलं असतं आणि पुढे किमान जाडीचा आकडा. मायक्रोमीटरने एकाच वर्तुळावर आठ ठिकाणी मोजलं. सगळीकडे जाडी त्या आकड्याच्या बरीच वर होती. टर्नरला सांगितलं, डिस्क तिच्या बसण्याच्या तोंडावरच धर, दोन्ही बाजू एकाच सेटिंगमध्ये घे आणि हलके कट मार. त्या डिस्क आजही त्याच गाडीत आहेत आणि स्टिअरिंग स्थिर आहे. भाऊजी मात्र अजून पाहुण्यांना सांगतात की महागाच्या डिस्क टाकल्या म्हणून ब्रेक सुधारले. अहो, थरथरत होत्या त्याच या महागाच्या डिस्क!

म्हणून तुमच्या टर्निंगच्या प्रश्नाचं उत्तर मोजमापावर आहे. कट मारल्यावरही जाडी किमान आकड्याच्या चांगली वर राहणार असेल तर खुशाल मारा. काठावर असेल, खोल चरे असतील किंवा तडा दिसत असेल तर नवी जोडीच घ्या. पातळ डिस्क लवकर तापते आणि तुमची थार घाटातही जात असणार.

कंपनीचं म्हणाल तर पार्ट नंबर जुळणारी, ओळखीच्या दुकानातली, साधी डिस्क पुरते. भोकं पाडलेल्या शोभेच्या डिस्क चिखलात चालणाऱ्या गाडीला लावू नका. भोकांत माती बसते आणि तडे भोकांपासूनच सुरू होतात. किंमत तुमच्या गावच्या काउंटरवर विचारा, पण हिशेबात नवे पॅड धराच. जुन्या डिस्कवर झिजलेले पॅड नव्या डिस्कवर सपाट टेकत नाहीत.

घरी बदलता येतात. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना ठोकळे, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली घोडी (जॅक स्टँड) लावायची. कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) काढला की तारेने वर बांधायचा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही. डिस्क निघत नसेल तर हातोडा घेण्याआधी तिच्या मधल्या भागात आट्यांची दोन भोकं आहेत का बघा. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळले की डिस्क स्वतःहून पुढे येते. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपरच्या पिना हाताने सहज सरकल्या पाहिजेत. साफ करून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, चिखलात जाणाऱ्या गाडीत त्या हमखास अडकतात. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवा, वर येऊन सांडलं तर रंग खातं. दोन्ही बाजू एकदमच करा. शेवटी चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आवळा. एअर गनने कमीजास्त आवळलेल्या नटांनीही डिस्क हबवर तिरकी ताणली जाते.

मग पॅड आणि डिस्क घासून एकमेकांशी जुळवून घ्या. सकाळी लवकर मोकळ्या रस्त्यावर (आम्ही सुपर कॉरिडॉरला गेलो होतो) साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवायचा, मध्ये अंतर सोडायचं, पूर्ण थांबायचं नाही. नंतर थोडं अंतर ब्रेक न वापरता चालवून डिस्क थंड होऊ द्या.

घाटाचं मुद्दाम सांगते, कारण यावरही आमच्याकडे वाद आहे. महूहून जाम दरवाजा ओलांडून मंडलेश्वर-महेश्वरकडे उतरताना भाऊजी डिझेल वाचतं म्हणून गाडी न्यूट्रल करतात आणि ब्रेकवर पाय ठेवून खाली येतात. इंदूर साडेपाचशे मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. माणसं-सामानासकट दोन टनांची गाडी चारशे मीटर उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्यात साधं २५ लिटर पाणी उकळेल. न्यूट्रलमध्ये त्यातली बहुतेक ब्रेकमध्ये जाते. आणि डिझेल वाचतच नाही: आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा. खाली आल्यावर तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहू नका, पॅडचा थर तिथे चिकटतो आणि थरथरीचं तेही एक कारण आहे. लगेच ओढ्यातही गाडी घालू नका.

एक राहिलंच. हे सगळं हबच्या बोल्टांवर नुसती सरकवलेली डिस्क असेल त्या गाडीसाठी लिहिलं आहे. काही जुन्या जीपमध्ये डिस्क हबला आतून बोल्टांनी जोडलेली असते आणि काढायला बेअरिंग सोडावं लागतं. तिथे बेअरिंग किती आवळायचं हे माहीत असलेला माणूसच हवा. शिवाय टाय रॉड, बॉल जॉइंट, बेअरिंग ढिले असतील तर डिस्क कितीही नीट बसवा, स्टिअरिंग हलणारच, ते आधी तपासा. ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर तेही याच वेळी बदला. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर हा आकडा १५५पर्यंत उतरू शकतो, आणि घाटात पेडल मऊ पडतं ते त्यामुळे. आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा.