लॅब्राडोराइटचा दगड आणलाय पण घरी काळाच दिसतो, चमक गेली का? आणि तो मिठाच्या पाण्यात ठेवायचा का?

चमक गेलेली नाही, आधी ते टेन्शन सोडा. खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकच बल्ब चालू ठेवा आणि दगड हळूहळू फिरवत राहा. बराच वेळ नुसता काळपट राखाडी दिसेल आणि मग एका ठराविक अँगलला अख्खा पृष्ठभाग एकदम निळा पेटेल, जरा पुढे सरकवलात की परत काळा. दुकानदार नेमक्या त्याच अँगलला टॉर्च मारून व्हिडिओ काढतात, म्हणून ऑनलाइन बघताना वाटतं की हा चोवीस तास चमकतो.

हा फेल्डस्पार नावाच्या खनिजांच्या गटातला दगड. जमिनीखाली खूप सावकाश थंड होताना याच्या आत कॅल्शियम जास्त आणि सोडियम जास्त असे अतिशय पातळ थर आलटूनपालटून तयार होतात आणि प्रकाश त्यांच्यावरून परततो तेव्हा साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग दिसतात. थर पातळ असले की निळा, जाड असले की केशरी-लाल. म्हणजे रंग दगडाच्या रचनेतच आहे, वरून लावलेला नाही, त्यामुळे उन्हाने वगैरे उडत नाही. गंमत म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही लॅब्राडोराइट भरपूर असतो पण तो लाव्हा भराभर थंड झाला, थर पडायला वेळच मिळाला नाही, मग चमकणार कुठून!

नाव पडलं कॅनडातल्या लॅब्राडोरवरून, 1770 च्या आसपास तिथल्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांमुळे तो युरोपात पोचला. आता बाजारात बराचसा माल मादागास्करचा असतो. फिनलंडचा जास्त रंगीत माल ‘स्पेक्ट्रोलाइट’ नावाने विकतात आणि तो चांगलाच महाग असतो.

आता सांभाळायचं कसं. खराब होतं ते वरचं पॉलिश. याचा कडकपणा मोह स्केलवर (खनिजांचा कडकपणा मोजायची 1 ते 10 ची पट्टी) 6 ते 6.5 आणि घरातल्या धुळीत असतात ते क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे कण 7, म्हणून कोरड्या फडक्याने खसाखसा पुसलंत की बारीक ओरखडे पडणार आणि चमक धुरकट दिसणार. आधी नळाखाली धूळ जाऊ द्या, मग कोमट पाणी, थोडा साधा लिक्विड सोप, मऊ ब्रश, आणि शेवटी सुती कापडाने टिपून घ्या, बस. हाताचा तेलकटपणा बसून मंद दिसत असेल तर एवढ्यानेच फरक पडतो.

मिठाच्या पाण्याचं मी तरी नाहीच म्हणेन. दगड काही विरघळत नाही पण बारीक भेगांत मीठ साचतं आणि वाळलं की पांढरं दिसतं, फायदा शून्य. लिंबू, व्हिनेगर आणि विशेषतः टॉयलेट क्लीनर अजिबात नको, त्यातल्या अॅसिडने हा दगड खरंच खराब होतो. अंगठी-पेंडंट असेल तर सोनाराला अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये किंवा वाफेने साफ करू नका म्हणून आधीच सांगून ठेवा, कारण हा दोन ठराविक दिशांनी सरळ चिरतो, फरशीवर पडला तरी तेच. बाकी खड्यांबरोबर एकाच डबीत टाकू नका, वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा. आणि ओरखडे आधीच पडले असतील तर खडे घासून देणाऱ्या कारागिराकडून परत पॉलिश करून मिळतं, फक्त दगड तिरका घासू नका हे त्याला सांगा, नाहीतर चमकणारी बाजूच हातची जाईल.