एकाच बाजूचा टॉन्सिल महिनाभर मोठा राहिला, तर कर्करोगाची शंका केव्हा घ्यावी?

तुम्ही लिहिले आहे की वय ४८ आहे, विट्याला राहता, तंबाखू-चुन्याची जुनी सवय आहे, उजवा टॉन्सिल महिन्याभरापासून मोठा दिसतो आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊनही उतरलेला नाही. मात्र दुखत नसल्यामुळे थांबावे का, असा प्रश्न आहे. मी सांगली जिल्ह्यातच कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून काम करतो आणि माझे स्पष्ट मत असे आहे की थांबू नये. हा कर्करोगच आहे असे मी म्हणत नाही, घसा न पाहता कोणीही तसे म्हणू शकणार नाही. पण दुखत नाही ही गोष्ट दिलासा म्हणून धरू नका. साध्या संसर्गाने सुजलेला टॉन्सिल दुखतो, ताप आणतो आणि आठ-दहा दिवसांत उतरतो. टॉन्सिलच्या मागे पू झाला, तर दोन-चार दिवसांतच तोंड उघडेनासे होते. महिनाभर गुपचूप वाढणारी गोष्ट या दोन्हींत बसत नाही.

नुसत्या आकारावरून फारसे काही ठरत नाही. लहान मुलांचे दोन्ही टॉन्सिल मोठे असणे बहुधा स्वाभाविक असते. मोठ्यांमध्येही टॉन्सिलची खोबण एका बाजूला उथळ असली, तर तो टॉन्सिल पुढे आलेला दिसतो, आणि दुसरे कोणतेही लक्षण नसेल तर असा फरक बहुतेक वेळा निरुपद्रवी ठरतो. म्हणून आम्ही आकारापेक्षा पृष्ठभाग पाहतो. हातमोजा घालून बोट फिरवले की साधा टॉन्सिल मऊ लागतो. कर्करोगाचा बहुधा कडक लागतो, त्यावर न भरणारा व्रण असतो आणि बोट लागताच रक्त येऊ शकते. मोबाइलच्या उजेडात काढलेल्या फोटोत हा कडकपणा दिसत नाही, म्हणून फोटो पाहून मिळालेल्या सल्ल्यावर विसंबू नका.

घरी पाहण्यासारख्या दोन गोष्टी मात्र आहेत. त्याच बाजूच्या कानात ठणका लागतो का? घशाच्या या भागाची संवेदना नेणारी नस मधल्या कानालाही जाते, त्यामुळे रोग घशात आणि दुखणे कानात, असे होते. कानाचे थेंब घालण्यात आठवडे निघून जातात. दुसरे, जबड्याच्या कोनाखाली न दुखणारी, घट्ट गाठ लागते का? कधी कधी टॉन्सिल जवळजवळ नेहमीसारखाच दिसत असतो आणि पहिले लक्षण म्हणून मानेची गाठच येते, विशेषतः ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे झालेल्या कर्करोगात. आपल्याकडे मानेची गाठ म्हटले की क्षयाचा विचार आधी येतो आणि तो चुकीचाही नाही, परंतु सुईची तपासणी केल्याशिवाय क्षयाची औषधे सुरू करू देऊ नका. याशिवाय आवंढा गिळताना अडखळणे, थुंकीतून रक्त येणे किंवा कारणाशिवाय वजन घटणे, यांपैकी काही असेल, तर तपासणी याच आठवड्यात व्हायला हवी. रात्री घामाने कपडे भिजत असतील आणि ताप येत असेल, तर लसिका ग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, हीही एक शक्यता असते.

डॉक्टरांना तंबाखूबद्दल काहीही न लपवता सांगा. आपल्या भागात मिश्री लावणाऱ्या कित्येक बायका "मला कसलेच व्यसन नाही" असे मनापासून सांगतात, आणि मिश्री ही भाजलेली तंबाखूच असते. दारू सोबतीला असेल, तर धोका आणखी वाढतो.

खात्री होते ती तुकड्याच्या तपासणीनेच. "तुकडा काढला की रोग पसरतो" ही समजूत माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांत ऐकू येते आणि तिच्यापायी रुग्णाचे मोलाचे महिने जातात, याचे मला फार वाईट वाटते. बायोप्सीमुळे हा रोग पसरत नाही. उपचार मात्र तिच्याशिवाय सुरूच होऊ शकत नाहीत. वेळेत सापडलेला टॉन्सिलचा कर्करोग शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने बरा होऊ शकतो.

मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, तेथे दाखवता येईल. कर्करोगाचे निदान झालेच, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत त्यावरील उपचारांचा समावेश आहे, म्हणून आधार आणि रेशनकार्ड जवळ ठेवा. आधीच्या दोन्ही कोर्सच्या चिठ्ठ्याही न्या, म्हणजे तिसरा कोर्स लिहिण्याऐवजी डॉक्टर थेट पुढच्या तपासणीकडे वळतील.