बेसमेंटच्या आरसीसी भिंतीत टाय रॉडची भोकं राहिलीत, ती कशी बुजवायची?

तुमचं शटरिंग उघडून झालंय, भिंतीत टाय रॉडची (शटरिंगच्या दोन्ही बाजू धरून ठेवणाऱ्या सळईची) आरपार भोकं दिसतायत आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय प्लास्टरमध्ये झाकून जातील. तसं अजिबात करू देऊ नका. प्लास्टर फक्त तोंडावर बसतं, आत पोकळीच राहते, आणि एकदा बाहेरून मातीचा भराव झाला की पावसाळ्यात पाणी तिथूनच आत येणार. पाण्याच्या टाक्यांचा आयएस ३३७० कोड तर म्हणतो की आरपार बोल्ट शक्यतो वापरूच नका, वापरले तर नंतर गळणार नाही असा पक्का बंदोबस्त करा.

आधी भोकातला पीव्हीसी पाईप, म्हणजे ज्यातून टाय रॉड घातला होता तो, काढून घ्या. यावर मी साइटवर नेहमी अडून बसतो, कारण पाईप गुळगुळीत असतो, त्याला ना बाहेरचं काँक्रीट धरत ना आतला मसाला, पाणी कडेकडेने सरकत येतं. ओढून निघत नसेल तर ड्रिलला थोडा मोठा बिट लावून पूर्ण लांबी मारा, भोक खरबरीत पण होतं. मग वायर ब्रश, धूळ काढणं, पाणी मारणं. भोक ओलं हवं, पाणी साचलेलं नको.

मसाला म्हणजे रेडीमेड नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आकसणारा तयार मसाला), किंवा १ सिमेंटला अडीच चाळलेली वाळू आणि पाणी इतकंच की मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण हाताला पाणी सुटणार नाही. मिस्त्रीला पातळ मसाला सोपा पडतो पण तो सुकताना आकसतो आणि कडेने बारीक चीर पडते. आतल्या बाजूला लाकडी खुंटी ठोका, मातीच्या बाजूने थोडा थोडा मसाला घालून सळईने ठासत या, मग खुंटी काढून ते तोंडही भरा. एसबीआरची स्लरी (पकड वाढवणारं लेटेक्स घातलेला सिमेंटचा घोळ) लावणार असाल तर ती चिकट असतानाच भरा, वाळलेली स्लरी उलट पकड घालवते.

नंतर ओलं गोणपाट लावून क्युरिंग, साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसी (फ्लाय अॅशसारखे पदार्थ मिसळलेलं सिमेंट) असेल तर १०. मग बाहेरून वॉटरप्रूफिंग, आणि त्यानंतरच भराव. भराव आधीच झाला असेल तर आतून वॉटर प्लग (झटपट घट्ट होणारा सिमेंटचा मसाला) मारता येतो, गळती थांबते पण पाणी भिंतीत मुरत राहतं आणि सळईला गंज धरतो, म्हणून माती पडायच्या आधीच प्रत्येक भोकाला खडूने नंबर घालून स्वतः तपासा.