गाडीचं दुखणं: चहाला थांबलो की चालूच होईना

प्रश्न: नमस्कार काका, वडिलांची १९९७ ची मारुती ८०० माझ्याकडं आहे, कार्बोरेटरवाली. निपाणीहून आठवड्यातनं दोनदा बेळगावला येणं असतंय. थंडीत, पावसाळ्यात काय बी तक्रार नाही बघा, पण एप्रिल लागला की हिचं सुरू. संकेश्वरात चहाला दहा-पंधरा मिनिटं थांबलो की परत स्टार्टच घेत नाही, सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास उभारलो की काहीच झालं नाही असं चालू! परवा वंटमुरी घाटात तर चालता चालता झटके मारले आणि बंद पडली. मेकॅनिकनं प्लग बदलले, वायरी बदलल्या, कार्बोरेटर खोलून धुतला, साडेतीन हजार गेले आणि गाडी तशीच. आता नवा कार्बोरेटर घाला म्हणतोय. घालू काय?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर: एवढ्यात घालू नका हो. तुमच्या मेकॅनिकचीही फार चूक नाही, गाडी त्याच्या दारात पोचते तेव्हा थंड झालेली असते, मग तो बिचारा बघणार काय? हे दुखणं जिथं गाडी बंद पडते तिथंच, त्याच अर्ध्या तासात बघायला लागतं, आणि बघायचं एवढंच की स्पार्क गेलाय का पेट्रोल गेलंय.

तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट चहाची आहे. गाडी पळत असते तोवर वारं लागतं, पंपातनं ताजं पेट्रोल फिरत असतं. तुम्ही किल्ली काढून टपरीवर गेलात की वारं बंद, पेट्रोल जागेवर, आणि तापलेल्या इंजिनची सगळी धग वर कार्बोरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि फ्युएल पंपाला चढते. (जुने मिस्त्री याला एसी पंप म्हणतात, त्याचा गार हवेच्या एसीशी काही संबंध नाही, एका वाचकानं खरंच एसीवाल्याकडं गाडी नेली होती.) पेट्रोलमधला हलका भाग ३५-४० डिग्रीलाच उकळायला लागतो आणि बॉनेटखाली त्या वेळी ६०-७० सहज असतं. त्यात हा पंप इंजिनवर आणि टाकी मागं, म्हणजे तो पेट्रोल ओढून घेतो, ओढताना पाइपातला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल आणखी लवकर उकळतं. पाइपात वाफ भरली की पंप वाफच ओढत बसतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. आताच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडवलेला असतो आणि तिथनं दाबानं पेट्रोल पुढं ढकलतो, म्हणून त्यांना हे सहसा होत नाही. यात तुमच्या गाडीला दोष देऊ नका, त्या काळच्या फियाट, अँबॅसिडर सगळ्यांनीच घाटात मालकांना उभं केलंय, फियाटवाले तर पंपावर टाकायला ओलं फडकं डिकीतच ठेवायचे.

आता पुढच्या वेळी संकेश्वरात बंद पडली की आधी वास घ्या. पेट्रोलचा भपकारा येत असेल तर उलटं झालंय, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून खाली सांडलंय आणि इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, दाबायचा-सोडायचा खेळ करायचा नाही, आणि तसाच सेल्फ मारायचा. वास नसेल तर एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल (ॲक्सिलरेटरची तार जिथं कार्बोरेटरला जोडलेली असते तो दांडा) हातानं ओढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघा, पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे, नाही उडाली तर बहुतेक वरचं व्हेपर लॉकचं प्रकरण. हे करताना बिडी-सिगारेटवाला मित्र लांब ठेवा. मग पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं टाकून पाच मिनिटांत चालू झाली तर निदान झालं समजा. फडकं सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर (इंजिनातनं धूर बाहेर काढणारा जाड भाग) टाकू नका, तापलेलं बीड (ओतीव लोखंड) तडकतं. डेल्कोवर (प्लगना आळीपाळीनं करंट वाटणारा डबा, डिस्ट्रिब्युटर) पण नको.

चिळकांडी उडाली आणि तरी पकडत नाही, तर स्पार्क बघा. एक जादा प्लग जवळ ठेवा, वायरीला लावून इंजिनला टेकवा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, वायर पकडीनं धरा नाहीतर झटका बसेल. झाकण आधी बसवून घ्या आणि पेट्रोल सांडलं असेल तर ही परीक्षा करूच नका. स्पार्क निळा, टकटक आवाजाचा पाहिजे. पिवळट, मेलेला असेल किंवा नसेलच तर इग्निशन कॉईल (स्पार्कसाठी करंटचा दाब वाढवते ती) किंवा डेल्कोतला पिकअप (स्पार्कची वेळ सांगणारा सेन्सर) तापून दगा देतोय. वंटमुरीत चालत्या गाडीत बंद पडली ना, त्यामुळं मला कॉईलचा थोडा संशय आहेच. गार असताना कॉईल मीटरवर ठणठणीत दाखवते, म्हणून ओळखीच्याची चांगली कॉईल दोन दिवस लावून बघणं स्वस्त.

अजून एक, फुकटातली तपासणी. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडा. सूऽऽ करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली तर झाकणाचं किंवा टाकीचं हवेचं भोक बुजलंय. यावर लोकांनी पंप बदललेले मी बघितलेत!

व्हेपर लॉकच निघालं तर पाइप मॅनिफोल्डपासून लांब घ्या, त्यावर उष्णता अडवणारी स्लीव्ह चढवा, कार्बोरेटरखालचा धग अडवणारा जाड इन्सुलेटर जागेवर आहे का बघा (खोलताना कुणीतरी काढून साधं पॅकिंग मारलेलं असतं, तुमचा परवाच खोललाय म्हणून सांगतो), टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. आणि पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदला, इथेनॉल चालणारे मागून घ्या. पेट्रोल पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, ते जुनं रबर खातं आणि मिसळल्यावर पेट्रोलची वाफही लवकर होते. आपल्याच हिरण्यकेशीकाठच्या उसाचं असलं म्हणून काय, पाइप बदलायलाच लागतो.

प्रश्न: २००६ ची हॅचबॅक आहे. गोगटे सर्कलला सिग्नलला उभारलो की तापमानाचा काटा वर जातोय, एसी लावला तर गाडी ओढत नाही. हायवेला एकदम बरी.
(एक वाचक, टिळकवाडी)

उत्तर: हायवेला बरी म्हणजे फॅन बघा. उभ्या गाडीला फॅनच वारं देतो. एसी लावल्यावर फॅन फिरायलाच पाहिजे, नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमानं जा. फिरत असेल तर रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधे साठलेला कचरा मागच्या बाजूनं हलक्या पाण्यानं काढून घ्या. तापल्यावर गाडीतला कम्प्युटर इग्निशनचं टायमिंग मागं घेतो, म्हणजे स्पार्क जरा उशिरा देतो, त्यामुळं ओढ कमी वाटते, वेगळं दुखणं नाही ते. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

प्रश्न: मिस्त्री म्हणतोय उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकू. काढू का?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर: नको. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह, तो अडकला असेल तर नवा घाला, आणि मिस्त्री बदलता आला तर तोही.