बेळगावातून उडणाऱ्याने एअर इंडियाचं गोल्ड सोडून इंडिगोच्या ब्लूचिपकडे वळावं का?

तुमचा प्रश्न असा: उद्यमबागेत फौंड्री, महिन्यातून दोनदा सांबऱ्यावरून (बेळगावच्या विमानतळावरून) इंडिगोने बेंगळूरु किंवा हैदराबाद आणि तिथून पुढे, वर्षातून दोन-तीन वेळा लुफ्थांसाने जर्मनी. क्लब विस्ताराचं (विस्तारा कंपनीच्या सभासद योजनेचं) गोल्ड होतं, १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा ते एअर इंडियाच्या सभासद योजनेत, महाराजा क्लबात आलं, आता आठ महिन्यांनी संपतंय. तर सगळं इंडिगोच्या ब्लूचिप या सभासद योजनेकडे न्यावं का, आणि जर्मनीच्या फेऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर खात्यात टाकून तिथे गोल्ड मिळवता येईल का?

देशातल्या इंडिगोच्या तिकिटांवर ब्लूचिपचा नंबर पुढच्या बुकिंगपासून टाकायला लागा. लुफ्थांसाच्या तिकिटांना तो चालणारच नाही, त्यांचा विचार वेगळा करावा लागेल. आणि गोल्ड टिकवायला मुद्दाम खर्च करू नका, आहे तोवर वापरून घ्या.

मुळात ‘बदलणं’ हा शब्द इथे फसवा आहे. दोन्हीकडचं सभासदत्व फुकट आहे, दोन्ही एकाच वेळी ठेवता येतात. महाराजा क्लब वापरणं थांबवलं म्हणून जुने पॉइंट जात नाहीत. ते त्यांच्या मुदतीने जातात. बदल होतो तो फक्त पुढच्या तिकिटावर कुठला नंबर टाकायचा यात, आणि एका फेरीचे पॉइंट एकाच ठिकाणी जमा होतात.

आता सांबऱ्याचं गणित. तिथे एअर इंडियाचं विमान उतरत नाही. तुमच्या वर्षाच्या २४ देशी फेऱ्यांतलं पहिलं किंवा शेवटचं उड्डाण तरी इंडिगोचंच असतं, आणि एअर इंडियाच्या खात्यात त्यातलं काही पडत नाही. मुंबईला स्टार एअरने जात असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: स्टार एअर आणि स्टार अलायन्स (एअर इंडिया, लुफ्थांसा, सिंगापूर एअरलाइन्स अशा कंपन्यांचा गट) यांचा नावापलीकडे संबंध नाही. घोडावत समूहाची स्टार एअर त्या अलायन्समध्ये नाही, त्यामुळे तिथे गोल्ड कार्ड दाखवून काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नसतो. लोक घालतात.

मग काही जण सांगतील, चोर्ला घाटातून गोव्याच्या मोपा विमानतळावर जा आणि एअर इंडियाच पकडा. त्याआधी पॉइंटची किंमत काढा. ही आकडेमोड नमुन्यासाठी आहे, तुमचे आकडे तुमच्या अ‍ॅपमधून घ्या. समजा बेंगळूरु–दिल्ली एका दिवशी रोखीने ७,२०० रुपये आहे. तेच तिकीट पॉइंटने १२,००० पॉइंट आणि वर १,१०० रुपये कर. म्हणजे १२,००० पॉइंटांनी वाचवले ६,१०० रुपये, एका पॉइंटला जेमतेम ५१ पैसे. करांचे रुपये वजा करायला बरेच जण विसरतात आणि पॉइंट आहे त्यापेक्षा महाग वाटतो. पुढे, समजा १०० रुपयांच्या भाड्याला ६ पॉइंट मिळतात, तर परतावा झाला तीन रुपये. वर्षाचं मूळ भाडं तीन लाख धरलं तर सगळे मिळून नऊ हजारांच्या आसपास. मोप्याला टॅक्सीने दोन-तीनदा जाऊन आलात की ते नऊ हजार रस्त्यातच संपले, शिवाय जाताना तीनेक तास आणि पावसाळ्यात चोर्ल्यात एखादा ट्रक आडवा झाला तर विमान गेलंच. पॉइंटसाठी विमानतळ बदलायचा नाही. स्वस्त किंवा सोयीच्या विमानासाठी बदलायचा असेल तर जरूर बदला, ते वेगळं.

हीच आकडेमोड ब्लूचिपसाठीही करा, पण एका तारखेवर नाही, तीन तारखांवर: परवाचं तिकीट, दिवाळीच्या आठवड्यातलं, आणि दोन महिन्यांनंतरचा साधा मंगळवार. तिन्ही दिवशी पॉइंटची किंमत जवळपास तेवढीच आली तर समजा की पॉइंट रोख भाड्याच्या मागे मागे धावतात. ते साठवून काही फायदा नाही, जमले की वापरायचे. एखाद्या दिवशी किंमत दुप्पट आली तर तशा दिवसांसाठी राखून ठेवण्यात शहाणपण आहे.

इथे सगळ्यात जास्त चूक होते ती अशी की लोक पॉइंट आणि दर्जा एकाच पारड्यात तोलतात. पॉइंट म्हणजे सुटे पैसे. दर्जा म्हणजे गोल्ड, त्याचा उपयोग विमानतळावर होतो. तुमचं महाराजा क्लबचं गोल्ड हे स्टार अलायन्सचंही गोल्ड आहे (एअर इंडिया २०१४ च्या जुलैपासून त्या अलायन्समध्ये आहे). म्हणजे लुफ्थांसाने बेंगळूरुहून फ्रँकफुर्टला जाताना लाउंज, आधी चढायची मुभा आणि जादा सामान: नग मोजत असतील तर एक जादा बॅग, वजन मोजत असतील तर २० किलो जास्त. कास्टिंगचे नमुने घेऊन जाणाऱ्याला लाउंजमधल्या चहापेक्षा ही बॅग फार मोलाची. दोन अटी मात्र आहेत. बॅगेशिवायचं स्वस्त ‘लाइट’ भाडं घेतलं तर ही जादा बॅग मिळेलच असं नाही, भाड्याचे नियम वाचूनच तिकीट काढा. आणि कुठलीही एक बॅग ३२ किलोच्या वर गेली की गोल्ड असो की प्लॅटिनम, ती घेत नाहीत. लोखंड चटकन ३२ ला पोहोचतं, घरीच काट्यावर ठेवा. हेच कार्ड इंडिगोच्या काउंटरवर मात्र नुसतं प्लास्टिक आहे, कारण इंडिगो कुठल्याही अलायन्समध्ये नाही. इंडिगोचे परदेशी विमान कंपन्यांशी कोडशेअर (एकमेकांच्या विमानांची तिकिटं आपल्या क्रमांकाने विकण्याचे) करार आहेत, पण कोडशेअर म्हणजे अलायन्स नाही. त्या विमानात तुमच्या ब्लूचिपच्या दर्जाला काय मिळेल हे त्या-त्या करारावर ठरतं.

मग गोल्ड टिकवायचं का? जर्मनीच्या फेऱ्या दुसऱ्या एखाद्या स्टार अलायन्स कंपनीच्या खात्यात, म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये टाकून तिथे गोल्ड मिळवता येईल असं तुम्ही सुचवलंय. आकडे बघू. क्रिसफ्लायरच्या गोल्डला १२ महिन्यांत ५०,००० एलीट मैल (दर्जासाठी मोजले जाणारे मैल) लागतात, सिल्व्हरला २५,०००. बेंगळूरु–फ्रँकफुर्ट हे अंतर साधारण ७,४०० किलोमीटर, म्हणजे ४,६०० मैल. जाऊन-येऊन ९,२००. तीन फेऱ्या केल्या आणि प्रत्येक मैल पूर्ण मिळाला तरी २७,६००. सिल्व्हर कसंबसं, गोल्ड नाही. आणि प्रत्येक मैल पूर्ण मिळत नाही, कारण ते तिकिटावरच्या एका अक्षरावर ठरतं.

ते अक्षर कुठे असतं ते सांगतो. ई-तिकिटाच्या पीडीएफमध्ये उड्डाणाच्या ओळीत ‘क्लास’ म्हणून इकॉनॉमी लिहिलेलं असतं आणि त्याला लागूनच एक रोमन अक्षर. ते आसनाचा क्रमांक नाही, तो भाड्याचा गट आहे. लुफ्थांसाची के, एल, टी ही अक्षरं स्वस्तातली. भागीदार कंपनीच्या खात्यात अशा अक्षरांना अंतराच्या थोड्याच टक्क्यांनी मैल मिळतात, काही अक्षरांना शून्य. वाय, बी, एम अशी अक्षरं महाग आणि मैल भरपूर. तिकीट काढल्यावर हे बघून उपयोग नाही. ज्या खात्यात टाकणार त्याच्या वेबसाइटवर लुफ्थांसाचा तक्ता उघडायचा, एजंटने सांगितलेलं अक्षर त्यात शोधायचं, मग पैसे भरायचे.

म्हणून माझं मत: गोल्ड उतरू दे. फक्त उतरायच्या आधी दोन कामं उरकून घ्या. एक, पुढच्या आठ महिन्यांतली जर्मनीची जी फेरी जड सामानाची आहे ती याच मुदतीत बसवा. ड्युसेलडॉर्फचं गिफा प्रदर्शन चार वर्षांतून एकदा असतं, पुढचं २०२७ च्या जूनमध्ये. ती फेरी मुदतीबाहेर जात असेल तर जादा बॅगेचे पैसे आत्ताच खर्चात धरा. दुसरं काम म्हणजे स्टेटस मॅच. दुसऱ्या एखाद्या कंपनीकडे ‘माझ्याकडे हा दर्जा आहे, तुम्हीही द्या’ असा अर्ज करता येतो. त्याला चालू कार्डाचा स्क्रीनशॉट आणि गेल्या १२ महिन्यांच्या फेऱ्यांचं स्टेटमेंट लागतं. गोल्ड संपल्यावर अर्ज केला तर मॅच करायला काही उरत नाही. बहुतेक कंपन्या ही संधी एकदाच देतात आणि मिळालेला दर्जा थोड्या महिन्यांचा असतो, तेव्हा ज्या तिमाहीत खरोखर फिरणार आहात तिच्या तोंडावर अर्ज टाका. गणपतीत घरी बसायचं असेल तर जुलैत अर्ज करून काय मिळणार?

साठलेल्या पॉइंटांचं काय? वापरून टाका. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये किंगफिशर बंद पडली तेव्हा किंग क्लबचे मैल ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडे नुसता आकडा राहिला. शिवाय कंपनी उभी असली तरी मुदत असतेच: क्रिसफ्लायरचे मैल ३६ महिन्यांत जातात, तुम्ही उडत असलात तरी. कतार एअरवेजचे पॉइंट, म्हणजे एव्हिऑस, ३६ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर जातात, म्हणजे मधे थोडे जरी कमावले तरी घड्याळ पुन्हा शून्यावर. कतारचं विमान मोप्याहून सुटतं, तेव्हा आखातात किंवा त्यापुढे जाणाऱ्या बेळगावकरांनी ते खातं काढून ठेवायला हरकत नाही. क्रेडिट कार्डाचे पॉइंट मात्र कार्डावरच राहू द्या. एकदा विमान कंपनीकडे वळवले की परत येत नाहीत. तिकीट समोर दिसतंय, आसन आहे, तेव्हाच तेवढे वळवायचे.

एक गोष्ट पॉइंटांपेक्षा मोठी आहे आणि ती तुमच्या प्रश्नात नव्हती. सांबरा–बेंगळूरु इंडिगोचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं अशी दोन वेगळी तिकिटं असतील तर जून-जुलैत सांबऱ्यावर ढग खाली आले, विमान उशिरा सुटलं, की पुढचं तिकीट वाया. दुसरी कंपनी जबाबदार नाही. त्यात बेंगळूरुत इंडिगोची देशी विमानं टर्मिनल एकवर उतरतात आणि परदेशी सगळी टर्मिनल दोनवरून सुटतात. बॅग घ्या, बाहेर या, बसने दुसरीकडे जा, पुन्हा चेक-इन. वेगळ्या तिकिटांवर मी पावसाळ्यात पाच तासांपेक्षा कमी अंतर ठेवणार नाही. रात्रीच्या फ्लाइटसाठी सकाळच्या वंदे भारतने बेंगळूरु गाठणं हाही आता चांगला पर्याय आहे, २०२५ च्या ऑगस्टपासून ती आहे आणि तिला ढगांचं काही पडलेलं नसतं. अर्थात पॉइंट शून्य.

आता कमावलेले पॉइंट खात्यात न पडण्याची कारणं, कारण निम्म्या तक्रारी याच असतात. आपल्या भागात पहिलं कारण नाव. आधारवर ‘जाधव’ डीएचने, पासपोर्टवर नुसत्या डीने; एका कागदावर वडिलांचं नाव मधे, दुसऱ्यावर नाहीच. सभासदत्व आधार बघून काढलेलं आणि तिकीट पासपोर्ट बघून, की सिस्टिमच्या लेखी ही दोन माणसं. दोन्ही खाती पासपोर्टवरच्या स्पेलिंगने करून घ्या, दुरुस्तीला पासपोर्टची प्रत अपलोड करावी लागते. दुसरं कारण एजंट. खडेबाजारातला एजंट बुकिंगमध्ये स्वतःचा मोबाइल आणि मेल टाकतो, सभासद क्रमांक टाकतच नाही. शिवाय त्याने आधीच घाऊक घेऊन ठेवलेली ‘सिरीज’ किंवा ग्रुप भाड्याची तिकिटं स्वस्त असतात, पण त्यांना बहुधा पॉइंट मिळत नाहीत. तीनशे रुपये वाचत असतील तर घ्या, फक्त माहीत असू द्या. कंपनीच्या जीएसटी बिलावर तिकीट निघालं तरी पॉइंट उडणाऱ्या माणसाच्याच खात्यात जातात, त्यात अडचण नाही.

पॉइंट नाहीच पडले तर आठवडाभर थांबून वेबसाइटवर ‘मिसिंग पॉइंट’चा अर्ज करा. एअर इंडिया किंवा लुफ्थांसाच्या फेरीसाठी त्याला १३ अंकी तिकीट क्रमांक लागतो, पीएनआर नव्हे. एअर इंडियाचा ०९८ ने सुरू होतो. सोबत बोर्डिंग पास. काउंटरवर मिळतो तो थर्मल कागद गाडीच्या डॅशबोर्डवर दोन दिवस उन्हात राहिला की कोरा होतो, तेव्हा गेटवरच फोटो काढा. डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारी सोय) वापरत असाल तर हातात कागद येतच नाही, अ‍ॅपमधली पीडीएफ विमानात बसायच्या आधी उतरवून घ्या, नंतर ती दिसेनाशी होते.

आणि एजंटला आज व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच पाठवा: पासपोर्टप्रमाणे नाव, तुमचाच मोबाइल, इंडिगोच्या तिकिटांसाठी ब्लूचिप क्रमांक, लुफ्थांसा आणि एअर इंडियासाठी महाराजा क्लबचा क्रमांक, आणि ‘पैसे भरायच्या आधी भाड्याचं अक्षर कळवा’.