वाचकांचे प्रश्न : रंगवलेल्या विटा आणि चुन्याच्या भिंती

प्रश्न : पॅरिसच्या प्लास दे व्होज चौकातल्या काही घरांच्या विटा नुसत्या रंगवलेल्या आहेत म्हणे. मग त्यांना संरक्षण कशाला? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : विटांचे खरे आहे. फ्रान्सच्या चौथ्या हेन्री राजाने १६०५मध्ये हा चौक आखायला घेतला, उद्घाटन १६१२मध्ये झाले. भोवती ३६ घरे. तळाला कमानी, वर वीट नि दगड, माथ्यावर स्लेटचे उतरते छप्पर. जागा मिळाली ती एका अटीवर : चौकाकडची बाजू ठरल्या नमुन्याचीच हवी. साहजिकच काही मालकांनी खर्च वाचवला. लाकडी सांगाड्यावर गिलावा केला, वर विटकरी रंग देऊन सांध्यांच्या रेघा ओढल्या. ओळखायचे कसे? खऱ्या विटकामात तडा बहुधा सांध्यासांध्यातून पायऱ्या घेत जातो. गिलाव्यात तो रेघांना न जुमानता धावतो आणि पोपडा सुटला की चार-पाच ‘विटा’ एकदम निघतात. तिथे दुरुस्तीत खऱ्या विटा बसवल्या तर ती जुनी चलाखीच पुसली जाईल, आणि आमच्या मते चौकातली सर्वांत मजेदार गोष्ट तीच आहे. आतून घर पाहायचे तर क्रमांक सहा गाठा. तिथे व्हिक्टर ह्यूगो संग्रहालय आहे. कायमच्या दालनांना तिकीट नाही, सोमवारी बंद.

प्रश्न : फ्रान्समध्ये संरक्षित घराची खिडकीही बदलता येत नाही का? – एक वाचक, दादर

उत्तर : परवानगीने येते. तिथल्या स्मारकांच्या १९१३च्या कायद्यात संरक्षणाच्या दोन पायऱ्या आहेत : वरची ‘क्लासे’ (वर्गीकृत), खालची ‘इन्स्क्री’ (नोंदलेली). कधी अख्खी वास्तू संरक्षित असते, कधी फक्त दर्शनी भिंत, छप्पर किंवा जिना. म्हणून संरक्षणाच्या आदेशाची प्रत आधी वाचायची. १९४३पासून स्मारकाभोवतीच्या साधारण ५०० मीटरमधल्या कामांवरही सरकारी वास्तुविशारदाची नजर असते.

प्रश्न : आमच्या जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीचा चुन्याचा गिलावा सुटतोय. कंत्राटदार सिमेंट मारू म्हणतो. – एक वाचक, फोर्ट

उत्तर : मारू देऊ नका. सिमेंट ओल कोंडते. भेगांतून शिरलेले पाणी मग शेजारच्या मालाड दगडातून किंवा विटेतून बाहेर पडते, त्यातले क्षार तिथेच स्फटिक होऊन साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आपल्या खाऱ्या हवेत तर फारच.

आधी महापालिकेच्या वारसा यादीत दर्जा पाहा : एक, दोन अ, दोन ब की तीन. मुंबईत ही नियमावली १९९५पासून आहे. इमारतीचे स्वतंत्र नाव नसले तरी ती वारसा परिसरात मोडत असू शकते. हे तपासायचे राहते आणि काम अर्ध्यावर थांबते.

मग गळती : पावसाळी नळ, गच्चीच्या भेगा, पिंपळाची मुळे. ती थांबल्याशिवाय गिलाव्याला हात लावण्यात अर्थ नाही. सुटलेला भाग हातछिन्नीनेच काढा, ब्रेकर नको. सांधे दोनेक सेंटीमीटर खरवडून भिंत भिजवा. एक भाग मुरवलेला चुना, एक सुरखी (भाजक्या विटांची भुकटी), दोन चाळलेली वाळू. खाडीची वाळू अजिबात नको, तिच्याबरोबर मीठच भिंतीत जाते. नुसता चुना हवेने हळूहळू घट्ट होतो. सुरखीमुळे तो दमट हवेतही धरतो. एक थर १०-१२ मिलिमीटरचा, आधीचा घट्ट झाल्यावरच पुढचा. घाईने जाड थर दिला की तडे ठरलेलेच. आठवडाभर ओले गोणपाट ठेवा. काम पावसाळा सरल्यावर काढा आणि वर चुन्याचीच सफेदी द्या. प्लास्टिक पेंटने ओल पुन्हा कोंडेल.

कंत्राटदाराकडून आधी चौरस मीटरभर नमुना करून घ्या. महिन्याने तो ठोकून पाहा. पोकळ वाजला तर मिश्रण किंवा कारागीर बदला.